सतरावी रेघ

जिनात तीस वर्षं मी कापसाच्या गाठी मोजल्या.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
जिन बंद पडला, अमळनेरात हाताला काम उरलं नाही,
रेघ ओढायची सवय उरली.
भामरे सर म्हणाले, सुकलाल आबा,
पोरींच्या बेसबॉलचा हिशोब तुम्ही ठेवा.

खेळ कळायला दोन महिने गेले.
चेंडू मारायचा, पळत सुटायचं,
तीन टेसनं घ्यायची
आणि निघालो तिथेच परत यायचं.
एवढ्या धावपळीचं नाव घर,
हे मला पटलं.

पहिली जीत पारोळ्याला. दुसरी धरणगावला, धुळीच्या वावटळीत.
नऊ पोरी, पाच हातमोजे;
उरलेले चार समोरच्यांकडून मागून घ्यायचे
आणि त्यांच्याच मोज्यांत त्यांचेच चेंडू झेलायचे.
बाराव्या जितीला चेंडूची शिवण उसवली.
स्टँडवरच्या चांभाराने मेणदोऱ्याने टाके घातले,
पैसे घेतले नाहीत,
विचारलं तेवढं : आते कितलं झायं?

मग गावच मोजायला लागलं.
सलूनच्या आरशावर खडूने आकडा.
केळीचा ट्रकवाला फुकट न्यायला तयार.
जिजा साळुंखे पिचर, तिने मोजे धुणं सोडलं,
वासाने कॅचर लांब बसायची,
पण मोजे धू असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सतरावी जीत दोंडाईचाशी.
दिवस मावळलेला, शेवटचा डाव, बरोबरी, दोन आउट.
तुळसा पावरा दुसऱ्या बेसवरून सुटली.
पंच चेंडू बघत होता, पोरी तुळसाला बघत होत्या.
मी बेस बघत होतो;
जिनात सगळे गाठीकडे बघायचे, मी काट्याकडे.
तिसऱ्या बेसला वळताना तिचा पाय
वीतभर बाहेर पडला.
फक्कीची पांढरी धूळ उडाली नाही.
ती घरी आली. पोरींनी तिला उचललं.
वरून, सगळ्यांच्या डोक्यांवरून,
तिने माझ्याकडे पाहिलं.

मी रेघ ओढली.
हात आपसूकच गेला. रेघ जरा वाकडी आली.

अठरा. एकोणीस. वीस.
जुना विक्रम चोवीसचा होता, तो पंचविसाव्याला मोडला,
शाळेच्या भिंतीवर गेरूने आकडा, खाली फटाक्यांचा कचरा.
मला आठवत होते ते व्यापारी
जे गाठीच्या पोटात भिजका कापूस कोंबायचे.
बाहेरून गाठ पांढरीशुभ्र.
आतली ओल तोलणाऱ्याच्या हातालाच कळते.

सराव संपला, सगळ्या गेल्या
की तुळसा तिसऱ्या बेसवर एकटी पाय आपटत राहायची.
महिन्याभरात त्याचं कॅनव्हास फाटलं.
सरांना वाटलं, उंदीर.

अठ्ठाविसावा सामना शहाद्याला.
तिची आई धडगावाकडून दोन गाड्या बदलून आलेली,
बांधावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.
एका रनने मागे, शेवटचा डाव, दोन आउट.
तुळसाचा फटका लांब, पार ऊसापर्यंत.
पहिला बेस. दुसरा.
तिसऱ्यावर ती थांबली.
दोन्ही पाय ठेवले, जोडून,
शाळेत प्रार्थनेला उभं राहतात तशी.
सर ओरडले. जिजा ओरडली.
मग ती पळाली, पण चेंडू तिच्या आधी घरी पोचला होता.

कुणालाच कळलं नाही. सर रात्रभर बोलले नाहीत.

परतीच्या ट्रकमध्ये केळीच्या पाल्यावर
ती माझ्याशेजारी येऊन बसली.
वही मागितली. दिली.
मोबाइलच्या उजेडात पान शोधलं,
त्या रेघेवरून बोट फिरवलं.
म्हणाली, वाकडी आलीय.
मी म्हणालो, अंधार होता.
तिने वही मिटली, डबा उघडला,
दादरची भाकरी मोडून
अर्धी माझ्या हातावर ठेवली.

भिंतीवर सत्तावीस अजून आहे, गेरू फिका पडलाय.
मला कुणी विचारलं नाही.
विचारलं तर काय सांगायचं, तेही ठरवलेलं नाही.
नवी वही घेतली आहे, पहिलं पान कोरं.
शनिवारी एरंडोलशी आहे.